मदत हवी आहे: कर्णबधिर आईबाबांना रात्री जागं करणारा आगीचा अलार्म

नमस्कार मंडळी. आई-बाबा दोघंही कर्णबधिर, सत्तरीच्या आसपासचे. पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये चौथ्या मजल्यावर दोघंच राहतात. बाबांना श्रवणयंत्राने थोडं ऐकू येतं, पण झोपताना ते काढून ठेवतात. रात्री आग लागली तर त्यांना कळणार कसं, ही काळजी मला आहे.

बॅटरीवरचा साधा स्मोक अलार्म लावून पाहिला. त्याचा आवाज ३१०० हर्ट्झच्या आसपास, आणि बाबांचं नेमकं वरच्या पट्टीतलंच ऐकणं गेलंय. ५२० हर्ट्झचा खालच्या पट्टीतला अलार्म अशांना जास्त चांगला उठवतो, पण आईला त्याचाही उपयोग नाही. मग वायफायचा डिटेक्टर घेतला आणि फोन उशीजवळ ठेवला. फोनची थरथर गादीतच जिरते, आणि लाइट गेली की राउटर बंद. चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली ठेवणं तर स्वतःच आगीला आमंत्रण. नुसत्या लखलखत्या दिव्यानेही गाढ झोपलेला माणूस उठेलच असं नाही.

म्हणून बेड शेकर हवा आहे, म्हणजे गादीखाली ठेवून जोरात थरथरणारी चकती. भिंतीत वायरिंग करता येणार नाही. अमेरिकेतून १२० व्होल्टचा संच मागवणं टाळायचं आहे. स्वयंपाकघरात फोडणीच्या धुराने वाजू नये म्हणून उष्णतेवर चालणारा डिटेक्टर लावणार आहे. तोही याच संचाला जोडता यायला हवा.

भारतात २३० व्होल्टवर चालणारा, बॅटरी बॅकअप असलेला आणि इंटरनेटशिवाय डिटेक्टरशी जोडला जाणारा बेड शेकर कोणी प्रत्यक्ष वापरलाय का? कुठे मिळाला, आणि बिघडल्यावर दुरुस्ती कोण करतं?