पडक्या नगरीतील मायावी वास्तू विश्वासार्ह कशी करावी?

पडकी_वेस (प्रश्न):
मी एक अद्भुतरम्य कादंबरी लिहीत आहे. चारशे वर्षे ओस पडलेल्या एका राजधानीत नायिका शिरते आणि तिथे तिला एकच वास्तू अशी सापडते, जिची जादू अजून चालू आहे. भिंती जागा बदलतात, दिवे आपोआप लागतात, जिने भलतीकडेच नेऊन सोडतात. हे प्रकरण मी तीनदा लिहिले. तिन्ही वेळा वाचणाऱ्यांनी सांगितले की वर्णन देखणे आहे, पण भीती वाटत नाही. एकाने तर ‘लग्नाच्या हॉलची रोषणाई’ असा शेरा मारला. आपल्या परंपरेतील किंवा प्रत्यक्षातील एखाद्या वास्तूवरून यातून मार्ग सुचवता येईल का?

सभापर्वी:
मयसभा हा शब्द आपण इतक्या सैलपणे वापरतो की महाभारताच्या सभापर्वातले मूळ वर्णन सहसा कोणी वाचत नाही. खांडववन जळत असताना अर्जुनाने ज्याला अभय दिले, तो मयासुर कैलासाच्या उत्तरेस, मैनाक पर्वताजवळच्या बिंदुसरोवरावरून साहित्य आणतो आणि १४ महिन्यांत सभा उभी करतो. तिथे भिंती जागा बदलत नाहीत किंवा दिवे आपोआप लागत नाहीत. दुर्योधन स्फटिकाची जमीन पाणी समजून वस्त्रे वर उचलतो, पुढे खरे पाणी जमीन समजून त्यात पडतो आणि दार कुठे, भिंत कुठे हे न कळून डोके आपटून घेतो. (‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ हे द्रौपदीच्या तोंडचे वाक्य त्या पर्वात नाही, हे जाता जाता सांगतो.) महत्त्वाची गोष्ट अशी की ही माया पाहुण्यालाच फसवते, घरातले लोक आणि सेवक तिथे निर्धास्त वावरतात आणि हसतात. तुमच्या नगरीत मात्र घरातले कोणी उरलेलेच नाही, त्यामुळे आत येणारा प्रत्येक जण दुर्योधन ठरतो. भिंती हलवण्यापेक्षा ही कल्पना मला अधिक भेदक वाटते.

चुन्याचा_घाणा:
वरील मताला प्रत्यक्षातला आधार देतो. दौलताबाद किल्ल्यातल्या ‘अंधारी’ नावाच्या वाटेत जादू नाही. वळणावळणाचा काळोखा बोगदा आहे. ज्याला वाट ठाऊक आहे तो निघून जातो, परका चाचपडतो. विजापूरच्या गोल घुमटात सुमारे ४४ मीटर बाह्य व्यासाच्या घुमटाखालच्या सज्जात एका टोकाला कुजबुजलेले दुसऱ्या टोकाला स्पष्ट ऐकू येते. १६५६ साली वारलेल्या मुहम्मद आदिलशहाची ती कबर. दरबार गेला, सल्तनत बुडाली, तरी ते काम थांबलेले नाही, कारण ते घुमटाच्या आकारातच आहे. पडक्या नगरीत जादू टिकवायची असेल, तर ती अशी बांधकामात मुरलेली हवी.

पण मयसभेबाबत माझी एक गवंड्याची शंका आहे. चारशे पावसाळे गेल्यावर स्फटिकावर धुळीचा थर बसेल, सांध्यांतून पिंपळ उगवेल, आणि पाण्यावर शेवाळ धरेल. मग पाणी कोणते आणि जमीन कोणती हे शेंबड्या पोरालाही कळेल. तो भ्रम स्वच्छतेवर उभा आहे. झाडलोट थांबली की तो संपला.

सभापर्वी:
शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर त्याच पर्वात आहे. मयाच्या आज्ञेने किंकर नावाचे ८,००० राक्षस त्या सभेचे रक्षण करत, आणि ती वाहूनही नेत, असे तिथे म्हटले आहे. आकाशात संचार करणारे, महाकाय, लाल डोळ्यांचे. राजा गेल्यावर त्यांना ‘आता पुरे’ असे कोणी सांगितलेच नाही, असे धरून चाला. मग भोवती सगळे शहर ढासळलेले, रस्त्यात बाभळी माजलेल्या, आणि या एका वास्तूची फरशी मात्र आज सकाळीच पुसल्यासारखी लख्ख. दिव्यांची गरजच उरणार नाही.

पडकी_वेस:
दोघांचेही मनापासून आभार. दिवे आणि जिने आजच काढून टाकले. नायिका उंबरठ्यावर थांबते, फरशी पाहून सवयीने वहाणा काढते, आणि मग आपण हे का केले असा प्रश्न तिला पडतो, इथून प्रकरण सुरू करीन. एकच अडचण उरते. बाहेर पाऊस आहे आणि तिची पावले ओली आहेत. म्हणजे ठसे पुसायला कोणीतरी मागोमाग येणारच. ते किंकर तिला दिसू द्यावेत का?

चुन्याचा_घाणा:
दिसू देऊ नका. तिने मागे वळून पाहावे, तेव्हा शेवटचे दोनच ठसे शिल्लक असावेत.