मदत हवी आहे : ट्रायकोडर्मा, मायकोरायझा सगळं टाकलं, तरी झाडं वाळून राहिली

संत्राभौ :
नमस्कार मंडळी. घाईत लिहितो. ट्रायकोडर्मा, मायकोरायझा, स्यूडोमोनास, ही पुडीतल्या जिवंत जिवांची तिन्ही कल्चर टाकून झाली. उन्हाच्या ताणात हे जीव मुळाला साथ देतात असं ऐकलं होतं म्हणून. आता पाऊस आला तर झाडं सुधारायची सोडून वाळून राहिली. पानाची मधली शीर पिवळी, शेंडे सुकलेले. कोणत्या कंपनीचं कल्चर खरं असते तेवढं सांगा, पुन्हा टाकतो. रविवारीच शेतावर जाणं होते, म्हणून लवकर.

मातीखालचा :
कशाची झाडं? वय? जमीन? कधी टाकलं, कशात मिसळून?

संत्राभौ :
नागपूरचा माणूस नुसतं 'झाडं' म्हणतो तेव्हा कशाची असतील भाऊ? संत्रा. कळमेश्वरजवळ अडीच एकर, २७० झाडं, नऊ वर्षांची. चाळीसेक खराब. कल्चर मे मध्ये टाकलं.

माजी कृषिसेवक :
ही शंभर टक्के कोळशी. काळी माशी रस शोषते, चिकटा सोडते, त्यावर काळी बुरशी चढते. निंबोळी अर्क पानाच्या खालच्या बाजूनं मारा.

मातीखालचा :
काका, पानं काळी पडली असं त्यांनी कुठं लिहिलंय?

माजी कृषिसेवक :
आज पिवळी, उद्या काळी. फवारून ठेवायला काय जाते?

गोठाप्रेमी :
पुडीतले जीव पाहिजेतच काहून? २०० लिटर पाणी, १० किलो देशी गाईचं शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. झाडाला पाजा, विषय संपला.

मातीखालचा :
जीवामृताला माझा विरोध नाही. पण त्या पिंपात मायकोरायझा वाढणार नाही. जिवंत मूळ मिळाल्याशिवाय तिची वाढच होत नाही, बेसन कितीही खाऊ घाला.

गोठाप्रेमी :
मग जंगलात कोण पुडी टाकते? पेंचला जाऊन पाहा एकदा.

मातीखालचा :
पेंचमध्ये कोणी डीएपी, म्हणजे स्फुरदवालं (फॉस्फरसवालं) खतही टाकत नाही. मुळाला स्फुरद आयतं मिळालं की झाड मायकोरायझाला दारात उभं करत नाही. कारण ही बुरशी फुकट राबत नाही, झाडानं बनवलेल्या साखरेतला वाटा घेते. संत्रावर्गाच्या मुळांना केसमुळं फार कमी, म्हणून त्यांना तिची गरज जास्त. बुरशीचे धागे मुळापेक्षा कितीतरी बारीक, मातीच्या ज्या फटीत मूळ शिरत नाही तिथलं पाणी आणून देतात.
संत्राभौ, डीएपी किती टाकलं? आणि मृग बहार धरला होता का, म्हणजे उन्हाळ्यात पाणी तोडून पावसाळ्यात फुलं आणायची होती का?

संत्राभौ :
डीएपी झाडी एक किलो, दरवर्षीचंच आहे, म्हणून लिहिलं नाही. हो, मृग. एप्रिल अखेरपासून पाणी तोडलं. कल्चर नवतप्यात टाकलं, २७ मेला, सुट्टी होती म्हणून. दुपारी १२ पर्यंत आटोपलं.

बर्डीवाला बंटी :
नवतप्यात, दुपारी, कोरड्या काळ्या जमिनीत? माणूस घराबाहेर पडत नाही बाप्पा तेव्हा, जिवाणू काय करतील!

वरूडचा पाहुणा :
मृग धरताच कशाला? आंबिया घ्या, जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा बहार. मृगाच्या फळाला फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळणाऱ्या भावापायी बागा मारता तुम्ही लोक.

संत्राभौ :
आंबियाला गारपीट आमच्या पाचवीला पुजलेली. तो विषय नको. कंपनी सांगा.

मातीखालचा :
कंपनी सांगून उपयोग नाही, आधी झालं काय ते पाहू. ताणात दोन गोष्टी होतात. एक, झाड इथिलीन नावाचा वायू वाढवते, पानं गाळते, मुळाची वाढ रोखते. काही स्यूडोमोनास जिवाणू त्या इथिलीनचा कच्चा माल आधीच खाऊन टाकतात, म्हणून ताणात त्यांचा फायदा सांगतात. पण त्यासाठी ते मुळावर जिवंत आणि ओलाव्यात पाहिजेत. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. काळी जमीन भेगाळली की बारीक मुळं ताणून तुटतात. मग झड लागली, आळ्यात पाणी साचलं, की तुटलेल्या मुळातून साखर अन् अमिनो आम्लं पाझरतात. फायटोफ्थोरा हा मुळं कुजवणारा रोगजीव, त्याचे बीजाणू शेपटीवाले असतात, पाण्यात पोहतात, त्या वासावर थेट मुळाशी येतात. म्हणजे तुमच्या ताणानं आणि झडीनं मिळून त्यालाच जेवायला बोलावलं. बुंध्याला डिंक आहे का? कलमाचा खुंट, म्हणजे खालचं मुळाचं झाड, कोणतं?

संत्राभौ :
खुंट जंबेरी. डिंक आहे थोडा, पण तो तर दोन वर्षांपासून आहे.

मातीखालचा :
हे पहिल्या ओळीत लिहायला पाहिजे होतं ना भाऊ!

किराणा ते कीटकनाशक :
डिंक्या रोग आहे. कार्बेन्डाझिम बुरशीनाशक ओता, मोकळे व्हा.

मातीखालचा :
चालत नाही. फायटोफ्थोरा ही खरी बुरशी नाहीच, त्याचं घराणं तपकिरी समुद्री शेवाळांच्या जवळचं. कार्बेन्डाझिमचा त्याच्यावर परिणाम होत नाही.

किराणा ते कीटकनाशक :
पंधरा वर्षं दुकान चालवतो. माझ्या गिऱ्हाइकाला फरक पडला.

मातीखालचा :
पाऊस उघडला म्हणून पडला असेल.

धरमपेठ गच्ची :
अवांतर : माझ्या गच्चीवरच्या कुंडीतल्या लिंबाचीही पानं पिवळी आहेत, शिरा मात्र हिरव्या. मी पण ट्रायकोडर्मा टाकू का?

बर्डीवाला बंटी :
संत्राभौ, टाकायच्या आधी पुड्या कुठं ठेवल्या होत्या?

संत्राभौ :
गाडीच्या डिक्कीत. मे च्या मध्यात घेतल्या, शेतावर जाणं झालं नाही, ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी उभी राहायची. का?

बर्डीवाला बंटी :
झालं कल्याण. बाहेर ४५, डिक्कीत किती असेल? तुम्ही अस्थी विसर्जन करून आलात भाऊ.

माजी कृषिसेवक :
एक सोपी चाचणी सांगतो. थंड झालेल्या मऊ भातावर चिमूटभर पावडर टाका, झाकून ठेवा. तीन-चार दिवसांत हिरवा थर आला तर ट्रायकोडर्मा जिवंत.

मातीखालचा :
काका, नागपूरच्या पावसाळ्यात भात नुसता ठेवला तरी हिरवा होतो. हिरवं ते सगळं ट्रायकोडर्मा नसते. बिनपावडरचा एक भात शेजारी ठेवला तर निदान तुलना होईल.

संत्राभौ :
आणखी एक, उशिरा आठवलं. त्याच दिवशी दुकानदारानं दिलेलं कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक पण त्याच टाकीत घातलं होतं. दोन्ही बुरशीसाठीच ना?

मातीखालचा :
ट्रायकोडर्मा स्वतःच बुरशी आहे हो.

(सोमवार)

संत्राभौ :
काल गेलो होतो. मातीखालचा भाऊंनी निरोपात सांगितलं तसं आजारी झाडाच्या घेराच्या कडेला वीतभर खोल खणलं. बारीक मुळं तपकिरी. एक चिमटीत धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी सरकून हातात आली, आत नुसता शिवायचा दोरा राहिला. वास आंबूस. शेजारच्या चांगल्या झाडाचं मूळ ओढलं तर साल हलली नाही. आणि बुंध्याची माती बाजूला केली तेव्हा कळलं, कलमाचा जोड चार बोटं मातीखाली गेलाय. मजुरानं ट्रॅक्टरनं भर दिली होती, मीच सांगितलं होतं.

मातीखालचा :
साल सरकणं हीच खूण. आता कल्चर विसरा. बुंध्याची माती काढून जोड उघडा करा, जोड जमिनीपासून वीतभर वर पाहिजे. झाडाभोवतीची पाण्याची आळी फोडा, दोन ओळींच्या मध्ये चर काढून पाणी बाहेर न्या. डिंकाची जागा खरवडून बोर्डो मलम, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. मुळाशी मेटॅलॅक्सिल अन् मॅन्कोझेबचं मिश्रण, २.५ ग्रॅम लिटरला. यंदा या चाळीस झाडांवरची फळं उतरवून टाका. ट्रायकोडर्मा त्यानंतर निदान १५ दिवसांनी, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मुरवून, ओल असताना, संध्याकाळी. आणि त्या आधी मुळं अन् माती पिशवीत घालून अमरावती रोडच्या लिंबूवर्गीय संशोधन संस्थेत दाखवून या.

गोठाप्रेमी :
शेणखत म्हणाला ना शेवटी? मी तेच सांगून राहिलो होतो.

माजी कृषिसेवक :
कोळशीचं औषध तरी मारून ठेवा.

संत्राभौ :
फळं उतरवायची? घरी कसं सांगू? बरं, चर उद्याच काढतो. पण ट्रायकोडर्मा शेवटी कोणत्या कंपनीचा घेऊ ते कोणीच सांगितलं नाही.

बर्डीवाला बंटी :
कोणत्याही कंपनीचा घ्या, डिक्की बदला.

धरमपेठ गच्ची :
माझ्या लिंबाचं राहिलंच.

मातीखालचा :
ताई, शिरा हिरव्या अन् मधलं पिवळं म्हणजे बहुतेक लोहाची कमतरता. कुंडीत माती कुठली भरली? बोअरचं पाणी देता का?

धरमपेठ गच्ची :
हो, बोअरचंच. ते कसं ओळखलंत?