मदत हवी आहे: अडखळलेल्या बंधूशी बोलायचं कसं?

सर्वांना जय ख्रिस्त. आमच्या मंडळीतले एक बंधू पुन्हा दारूकडे वळलेत. उपासनेला आले तरी मागच्या बाकावर बसतात आणि शेवटचा आशीर्वाद संपायच्या आत निघून जातात. मला त्यांना भेटायचंय, पण उपदेश करणारा म्हणून नाही.

बायबलमधल्या गलतीकरांस पत्राच्या ६ व्या अध्यायात प्रेषित पौल अशा माणसाला सौम्यतेने सावरायला सांगतो आणि लगेच बजावतो की, स्वतःकडेही लक्ष ठेव, नाहीतर तूही मोहात पडशील. हे दुसरं वाक्य आपण सोयीस्करपणे गाळतो, असं माझं मत. तिथेच २ रं वचन म्हणतं एकमेकांची ओझी वाहा, आणि ५ वं म्हणतं ज्याने त्याने आपला भार वाहावा. मग माझा हात कुठवर आणि त्यांची जबाबदारी कुठून सुरू? घरी पैसे लागले तर द्यायचे का, की सरळ किराणा भरून द्यायचा?

दुसरं म्हणजे, हा विषय प्रार्थनासभेत काढावा असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. मत्तय १८:१५ मध्ये आधी एकांतात जायला सांगितलंय, आणि 'प्रार्थनेसाठी सांगतोय' म्हणत किती चहाड्या होतात ते आपण जाणतोच. पण पाळकांना त्या बंधूंच्या परवानगीशिवाय सांगावं का?

व्यसनमुक्ती केंद्राचं नाव पहिल्याच भेटीत काढावं की थोडं थांबावं? ज्यांनी असं कुणाला साथ दिलीय, किंवा ज्यांना स्वतःला अशी साथ मिळालीय, त्यांनी कृपया सांगा: पहिलं वाक्य काय असावं?