ऑटिझमचं निदान तपासण्यांवर सोपवता येईल का?

शब्दवेल
मी लहान मुलांची स्पीच थेरपिस्ट आहे. हल्ली पालक पहिल्याच भेटीला जाडजूड फाइल घेऊन येतात. त्यात एमआरआय, ईईजी, केसांतल्या धातूंची तपासणी, जनुकांचा रिपोर्ट असं सगळं असतं. मग विचारतात, "मॅडम, यात ऑटिझम कुठे दिसतोय?"

माझं मत स्पष्ट आहे. तो त्यात दिसत नाही. मधुमेह जसा रक्तात सापडतो तसा ऑटिझम सापडेल असं मला वाटत नाही. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचं वर्णन केलं ते त्यांच्या वागण्याचं होतं, आणि २०१३ च्या डीएसएम-५ या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेतले निकषही वागण्याचेच आहेत: इतरांशी संवाद कसा होतो, तेच तेच करण्याची ओढ किती, आवाज-स्पर्श किती सोसवतात. बहुतेक मुलांचा एमआरआय नॉर्मल येतो. कानाची बेरा तपासणी मात्र जरूर करा, कारण ऐकू येत नसलेलं मूलही हाकेला ओ देत नाही. फिट येत असतील तर ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींची तपासणीही हवी. पण त्या तपासण्या दुसरं काही सुटू नये म्हणून असतात, त्यातून ऑटिझम ठरत नाही. केसांच्या रिपोर्टवरून मुलांना 'धातू काढायची' औषधं सुरू होतात तेव्हा तर मला रडू येतं. अमेरिकेत २००५ मध्ये या उपचारादरम्यान पाच वर्षांचा एक मुलगा दगावला आहे.

गोदाकाठ
ताई, केसांच्या तपासणीबद्दल शंभर टक्के सहमत. पुढचं मात्र पटत नाही. तुम्ही म्हणता वागणं बघूनच निदान व्हावं. पण बघणार कोण? आमच्या भागात डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन, म्हणजे मुलांचा विकास तपासणारा बालरोगतज्ज्ञ नाही. मुलगा दोन वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता, तेव्हा एका डॉक्टरांनी "मुलगे उशिराच बोलतात" म्हणून परत पाठवलं. दुसऱ्यांनी मोबाइलला दोष दिला. तिसऱ्यांनी पाच मिनिटांत "ऑटिझम" लिहून दिलं, मुलाकडे धड न बघता. या तिघांपेक्षा एखादं यंत्र वाईट कसं ठरेल?

मोजपट्टी
गोदाकाठ यांच्या बाजूने एक पुरावा देतो. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या १२ विद्यापीठ केंद्रांतल्या २,१०२ मुलांचा अभ्यास आला, कॅथरीन लॉर्ड यांच्या पुढाकाराने. सगळीकडे प्रशिक्षित तज्ज्ञ आणि तीच प्रमाणित साधनं होती. तरी मुलाला 'ऑटिस्टिक डिसॉर्डर' म्हणायचं की 'अ‍ॅस्पर्गर', हे केंद्रागणिक बदलत होतं, मुलांचे गुण सारखे असूनही. हे उपप्रकार पुढे डीएसएम-५ ने एकत्र केले. म्हणजे तज्ज्ञाची नजर भरवशाची आणि यंत्र बेभरवशाचं, अशी सरळ वाटणी होत नाही.

आणि यंत्रं आलीही आहेत. मूल व्हिडिओ बघताना त्याची नजर कुठे टिकते हे मोजणाऱ्या अर्लीपॉइंट या उपकरणाला एफडीए या अमेरिकेच्या औषध-उपकरण नियामक संस्थेची मान्यता आहे. २०२३ मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्याच्या अभ्यासात १६ ते ३० महिन्यांची ४७५ मुलं होती. तज्ज्ञांच्या निदानाशी ताडून पाहिलं तर ऑटिझम असलेल्यांपैकी ७१ टक्के मुलं त्याने ओळखली, आणि नसलेल्यांपैकी ८०.७ टक्क्यांना बरोबर 'नाही' म्हटलं.

शब्दवेल
मग हेच आकडे अंगणवाडीत लावून बघा. जागतिक आरोग्य संघटनेचा ढोबळ अंदाज शंभरात एका मुलाचा होता. हजार मुलांत ऑटिझमची १० धरा. त्यातली ७ सापडतील. उरलेल्या ९९० पैकी जवळपास १९० मुलांवर चुकून शिक्का बसेल. त्या १९० घरांत पुढचे सहा महिने काय चालेल, याचा विचार करा.

मोजपट्टी
ते उपकरण अंगणवाडीसाठी नाहीच. ज्यांच्याबद्दल आधीच शंका आहे आणि जी तज्ज्ञांच्या केंद्रात पोचली आहेत अशा मुलांसाठी ते आहे. त्या अभ्यासातल्या ४७५ पैकी २२१ मुलांना ऑटिझम होता. तिथे यंत्र 'आहे' म्हणालं तर चारातली सुमारे तीन उत्तरं बरोबर ठरतात. तुमचं गणित बरोबर आहे, पण लावलंत चुकीच्या जागी.

शब्दवेल
म्हणजे तज्ज्ञाकडे पोचलेल्या मुलालाच त्याचा उपयोग. गोदाकाठ यांची अडचण तर पोचण्याचीच आहे.

सावलीरंग
मला तिशीनंतर निदान मिळालं, म्हणून थोडं वेगळं सांगते. त्याआधी एका मानसोपचारतज्ज्ञांनी "तू डोळ्यांत बघून बोलतेस, नोकरी करतेस, तुला ऑटिझम कसा असेल?" म्हणून विषय संपवला होता. डोळ्यांत बघायला मी शाळेत घोकून शिकले होते. बोलणाऱ्याच्या भुवयांच्या मधोमध बघायचं. संध्याकाळी घरी आल्यावर अंधार करून पडून राहायचे.

मोजपट्टी, तुमचं यंत्र कशाशी ताडून बघितलं? तज्ज्ञाच्या निदानाशी. तज्ज्ञांकडून ज्या मुली निसटतात त्यांना 'ऑटिझम नाही' असं धरूनच ते यंत्र तपासलं जाणार. म्हणजे त्यांची चूक तेही गिरवणार, फक्त अधिक ठाम आवाजात. माणसाशी मी वाद घालू शकले, दुसरं मत घेऊ शकले. छापील टक्केवारीशी कशी भांडले असते?

डॉ_किनारा
बालरोगतज्ज्ञ म्हणून लिहितो. शब्दवेल, जनुकीय तपासणीला तुम्ही केसांच्या तपासणीच्या रांगेत बसवलंत, तो अन्याय आहे. फ्रॅजाइल एक्स, रेट सिंड्रोम, ट्युबरस स्क्लेरोसिस ही ऑटिझममागची निश्चित जनुकीय कारणं तिच्यातून कळू शकतात. ट्युबरस स्क्लेरोसिस कळला तर फिट, मूत्रपिंड, हृदय यांवर वेळेत लक्ष ठेवता येतं, आणि पुढच्या बाळंतपणाआधी आईवडिलांशी नीट बोलता येतं. अर्थात बहुतेक मुलांमध्ये असं एकच ठळक कारण सापडत नाही. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून ऑटिझम नाही असं होत नाही. तपासणी कारण शोधते, निदान करत नाही. एवढं पालकांना आधी सांगितलं तर अर्धा गोंधळ टळेल.

'शंभर टक्के अचूक' दाव्यांबद्दल मात्र मी शब्दवेल यांच्याच बाजूचा. डिसेंबर २०२३ मध्ये कोरियातला एक अभ्यास गाजला: डोळ्याच्या पडद्याच्या फोटोवरून एआय जवळजवळ न चुकता ऑटिझम ओळखतं. पण ऑटिझमच्या मुलांचे फोटो त्या अभ्यासासाठी मुद्दाम काढलेले होते, आणि बाकीच्यांचे रुग्णालयाच्या जुन्या संग्रहातून घेतलेले. मग एआयने ऑटिझम ओळखला की फोटो कसा काढलाय ते ओळखलं, हे सांगायचं कसं?

त्यापेक्षा मला कॅनव्हास डीएक्स हे निदानाला मदत करणारं सॉफ्टवेअर जास्त प्रामाणिक वाटतं. एफडीएने २०२१ मध्ये त्याला परवानगी दिली. पालकांची उत्तरं, मुलाचे व्हिडिओ आणि डॉक्टरांची प्रश्नावली यांवरून ते मत देतं. ४२५ मुलांच्या अभ्यासात ६८ टक्के वेळा त्याने 'सांगता येत नाही' असंच उत्तर दिलं, पण जिथे 'नाही' म्हटलं तिथे ते क्वचितच चुकलं. उरलेल्या मुलांना तज्ज्ञाचा वेळ जास्त मिळाला, तर मला असं यंत्र माझ्या ओपीडीत हवं आहे.

शब्दवेल
डॉक्टर, तुमच्या ओपीडीत चालेल, कारण 'सांगता येत नाही' आल्यावर पुढे काय करायचं हे तुम्हाला ठाऊक आहे. मला भीती आहे ती मॉलशेजारच्या सेंटरची. तिथे यंत्र आलं की पॅकेज येतं. आणि थेरपी सुरू करायला निदान लागतच नाही. मूल बोलत नाही, बोट दाखवत नाही, एवढं दिसलं की मी त्याच दिवशी काम सुरू करते.

गोदाकाठ
थेरपीला लागत नसेल, पण निरामय या अपंगांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याला लागतं, अपंगत्वाच्या प्रमाणपत्राला लागतं. ते प्रमाणपत्र कशावर मिळतं? 'इसा' या ऑटिझम मोजायच्या भारतीय मापनपट्टीच्या ४० प्रश्नांवर, प्रत्येकी एक ते पाच गुण, सत्तरच्या पुढे गेलं की ऑटिझम. तेही माणसानेच भरायचं, आणि आमच्या मुलाचं भरताना बाहेर रांग लागलेली होती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला, त्याच्या यादीत ऑटिझम आहे. त्यातल्या, अंगणवाड्या-शाळांत मुलं तपासणाऱ्या पथकाच्या हातात डॉक्टर म्हणतात तसं, 'सांगता येत नाही' म्हणू शकणारं साधन द्या, आणि ज्यांना तसं उत्तर येईल त्या मुलांसाठी जिल्ह्याच्या केंद्रात महिन्यातून एक दिवस खरा तज्ज्ञ बसवा. ताई, याला तुमचा विरोध आहे का?

शब्दवेल
तज्ज्ञ आधी बसवा, साधन नंतर आणा. याच क्रमाने असेल तर विरोध नाही. उलटा क्रम झाला तर तज्ज्ञ कधीच येणार नाही, असं मला वाटतं.

गोदाकाठ
आणि मी म्हणते, साधनाने आधी मुलं मोजली तरच तज्ज्ञाची जागा मंजूर होईल. आज आमच्या तालुक्यात अशी किती मुलं आहेत, हा आकडाच कुणाकडे नाही.