बालगृहात संक्रांत कधी? (सोसायटी ग्रुप)

प्रभाताई ए-१०३: कोणी वाचतं का या ग्रुपवर काही? परवापासून विचारतेय बालगृहात यंदा जायचंय की नाही, आणि इथे नुसती गुड मॉर्निंगची फुलं. गेल्या वर्षीसारखी १३ तारखेला रात्री धावपळ करायची असेल तर मला धरू नका.

केतन बी-४०४: ताई गेल्या वर्षीचे तिळाचे लाडू आठवतायत 😄 पोरं गोट्या खेळत होती

प्रभाताई ए-१०३: ते माझे नव्हते. कोणाचे होते ते सगळ्यांना माहितीये.

वैशाली सी-२०१: दुकानदाराने चिक्कीचा गूळ दिला म्हणून कडक झाले. आणि पाच किलोचे एकटीने वळले, तेव्हा हसणाऱ्यांपैकी कोणी आलं नव्हतं मदतीला. असो.

सेक्रेटरी: कृपया विषयावर या 🙏 १४ ला बुधवार आहे, कोणकोणाला जमेल?

केतन बी-४०४: १४ ला?? साहेब, बडोद्यात त्या दिवशी पतंग टाकून अगाशीवरून खाली कोण उतरतं? १५ ला वासी उत्तरायण, तेव्हा पण नाही जमणार, आत्ताच सांगून ठेवतो

नाना ए-००१: मांजा फक्त सुती आणावा. नायलॉनच्या मांज्यावर हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातलेली आहे.

प्रभाताई ए-१०३: नाना अजून मांज्यापर्यंत आलोच नाही आपण. मी काल अधीक्षक बाईंशी बोलले, १४ ला त्यांच्याकडे एकामागून एक लोक येतात, जिलेबी इतकी होते की मुलं दुसऱ्या दिवशी पोट धरून बसतात, आणि आलेल्या प्रत्येकासमोर तेच गाणं म्हणून दाखवायचं. मग पुढे कोणी फिरकत नाही. आपली संक्रांत रथसप्तमीपर्यंत चालते ना? मग २५ ला जाऊ, रविवारच आहे.

वैशाली सी-२०१: २५ ला माझ्याकडे हळदीकुंकू आहे. ताई तुम्हाला सगळ्यात आधी बोलावलंय.

प्रभाताई ए-१०३: 🙏

वैशाली सी-२०१: आणि मी म्हणते छोट्यांचं बोरन्हाण करू. काळे झबले, हलव्याचे दागिने, कसली गोड दिसतील, रील पण मस्त होईल

अनघा बी-३०४: वैशालीताई रील नको प्लीज. बालगृहातल्या मुलाची ओळख पटेल असा फोटो, नाव, शाळा काहीच बाहेर टाकता येत नाही. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गेल्या वर्षीचे फेसबुकवरचे फोटो काढायला लावताना मला किती फोन करावे लागले ते सेक्रेटरी साहेबांना माहितीये.

वैशाली सी-२०१: चेहऱ्यावर स्मायली लावू ना मग

केतन बी-४०४: हलव्याचा मुकुट आणि खाली स्मायली 😂😂

अनघा बी-३०४: आपण मुलांसाठी जातोय की स्टेटससाठी, एवढं फक्त ठरवा.

वैशाली सी-२०१: वकील सोसायटीत असली की असंच होतं. चालू द्या.

प्रभाताई ए-१०३: अगं बोरन्हाण पाच वर्षांच्या आतल्यांचं. तेवढी लहान तिथे दोन-तीन असतील, बाकी सगळी दहाच्या पुढची. मिसरूड फुटलेल्या मुलाच्या डोक्यावर बोरं-चुरमुरे ओतणार का?

संजय सी-१०२: मोठ्यांना फिरकी द्या हातात. गेल्या वर्षी एक मुलगा होता बघा, बोटांना चिकटपट्टी गुंडाळून बसलेला, उदबत्तीने पतंगाला भोकं पाडली, कन्नी बांधली, वरचा-खालचा दोरा ताणून बोटाने मापला आणि एका ठुमकीत पतंग वर. आमचा केतन तोपर्यंत तिसरा पतंग फाडत होता.

केतन बी-४०४: वारा नव्हता

संजय सी-१०२: त्याच्यासाठी होता.

नाना ए-००१: पुन्हा सांगतो. मांजा फक्त सुती. सकाळी आणि संध्याकाळी पक्षी उडत असतात, तेव्हा पतंग नको. जखमी पक्षी दिसल्यास १९६२ वर फोन करावा.

शहाभाई ए-२०२: प्रभाबेन, चिक्की मारा तरफथी. केटला छोकरा छे?

प्रभाताई ए-१०३: थँक्यू भाई. घरचं शिजवलेलं तिथे घेत नाहीत हां, ऊंधियू कोणी आणू नका, चिक्की पण पॅकबंदच. बाकी घरटी ३००.

राजेश सी-४०१: ३०० कशाचे? गणपतीचा हिशोब अजून आला नाही.

सेक्रेटरी: हिशोब नोटीस बोर्डावर लावलेला आहे.

राजेश सी-४०१: लिफ्टच्या मागच्या बोर्डावर. जिथे फक्त मांजर जाते.

नाना ए-००१: सयाजीराव महाराजांनी १९०६ साली अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि त्यांच्या बडोद्यात आपण ३०० रुपयांवर भांडतोय.

केतन बी-४०४: नाना महाराजांनी हिशोब दिला असेल 😛

प्रभाताई ए-१०३: बाईंना विचारलं काय हवंय. स्वेटर नको म्हणाल्या, दरवर्षी ढीग येतो. मुलींसाठी पॅड आणि शाळेचे पांढरे मोजे, हे संपतं आणि कोणी देत नाही. वैशाली, तू वाण काय लुटणार आहेस?

वैशाली सी-२०१: प्लास्टिकचे डबे सांगितलेत. ऑर्डर गेली नाहीये अजून.

अनघा बी-३०४: मग त्याच पैशांचे मोजे घेऊन वाण तिथेच लुटू का? मी पण माझं त्यात घालते.

वैशाली सी-२०१: बघते. सासूबाईंना विचारायला लागेल.

वैशाली सी-२०१: त्या म्हणाल्या चालेल. हळदीकुंकू २४ ला करते. छोट्यांचं बोरन्हाण मात्र होणार, फोटोशिवाय.

सेक्रेटरी: ठीक. २५ ला सकाळी १०. पाच गाड्या लागतील, नावं द्या.

संजय सी-१०२: माझी धरा, चार जण. पतंगांचं पण माझ्याकडे.

नाना ए-००१: सुती.

वैशाली सी-२०१: बोरं, हरभरे मी आणते. उसाचे करवे कोण सोलून देणार ते आत्ताच सांगा, गेल्या वेळी अख्खा ऊस माझ्या दारात टेकवून गेले होते