रवांडा : माणसं वाढली, मग श्रमशक्ती घटली कशी?

आफ्रिकेतल्या रवांडाचा एक आलेख दाखवून असं म्हटलं जातं की तिथं दर चौरस किलोमीटरमागची श्रमशक्ती, म्हणजे रोजगारात असलेली किंवा काम शोधणारी माणसं, मध्येच घसरली. पण माणसं तर वाढलीच आहेत. 2012 च्या जनगणनेत साधारण 1 कोटी 5 लाख, 2022 मध्ये 1 कोटी 32 लाख. घनता दर चौरस किलोमीटरला 415 वरून 503. जमीन तेवढीच, 26 हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, तीही बरीचशी डोंगरउताराची.

मला वाटतं गोची व्याख्येत आहे. 2013 मध्ये श्रमसंख्याशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवलं की मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी केलेलं काम तेवढंच रोजगार धरायचं. म्हणजे घरच्यापुरता घेवडा नि रताळी पिकवणारी बाई दिवसभर राबते, पण दुसरं काम शोधत नसेल तर श्रमशक्तीच्या बाहेर! रवांडात अशी शेती अफाट, त्यामुळे बायकांचा आकडा जास्त पडलेला दिसतो. जुनी नि नवी आकडेवारी एका रेषेत जोडली की असली घसरण दिसणारच.

आणि राजधानी किगाली वेगळं काढून बघा. 730 चौरस किलोमीटरमध्ये 17 लाखांवर लोक, त्यांना देशाच्या सरासरीत मिसळून खेड्यांबद्दल काहीच कळत नाही.