पिल्लाला ‘बस’ कसे शिकवावे?

प्रश्न (जुळे सोलापूर): आमचे 3 महिन्यांचे पिल्लू ‘बस’ म्हटले की उड्या मारते आणि सोलापुरी चादरीचे टोक दातांत धरून घरभर ओढत नेते. घरीच शिकवायचे असल्यास सुरुवात कुठून करावी?

उत्तर (होटगी रोड): उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा त्याच्या नाकाजवळ धरून हात सावकाश डोक्यावरून मागे न्यावा, मान वर होताच मागचा भाग सहसा आपोआप जमिनीला टेकतो, आणि त्याच क्षणी ‘शाब्बास’ म्हणून तुकडा द्यावा, कारण उशीर झाल्यास बक्षीस कशाबद्दल मिळाले हे त्याला कळत नाही. शब्द घरातील सर्वांनी एकच वापरावा. आमच्याकडे आजी ‘खाली बस’ आणि मुले ‘सिट’ म्हणत, तेव्हा बिचारे दोघांकडे आळीपाळीने बघत राही. एका वेळी 5 मिनिटे पुरेत.

उत्तर (सिद्धेश्वर पेठ): शेंगा चटणी लावलेली भाकरी बक्षीस म्हणून कदापि देऊ नये, कारण चटणीतील लसूण कुत्र्यांना अपायकारक असतो. चादर हिसकावू नये, त्याला तो खेळच वाटतो. दोरीचे खेळणे पुढे करावे.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. ‘बस’ जमू लागले आहे, चादर मात्र अजून सुटलेली नाही.